सूक्ष्मप्लास्टिक आणि प्रकाश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मप्लास्टिक नेमके कशाला म्हणतात?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांना, तंतूंना, मण्यांना आणि पापुद्र्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. खालची मर्यादा बहुतेक ठिकाणी एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, अशी धरली जाते आणि त्याहून लहान कणांना नॅनोप्लास्टिक म्हटले जाते. समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक कणांची नोंद १९७२ पासून शास्त्रीय नियतकालिकांत आढळते, परंतु ही संज्ञा खऱ्या अर्थाने रूढ झाली ती रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या शोधनिबंधानंतर. किनाऱ्यावरच्या गाळातले तंतू प्लास्टिकचेच आहेत, हे त्यांनीही अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट घेऊनच, म्हणजे तंतू कोणता अवरक्त प्रकाश किती शोषतो हे पाहूनच, सिद्ध केले होते. म्हणजे या विषयाची सुरुवातच प्रकाशाच्या साक्षीने झालेली आहे.

कण शोधण्यासाठी प्रकाशच का वापरायचा?

कारण प्रकाशामुळे कण नष्ट होत नाही. नमुना तापवून त्याचे वायूत रूपांतर करणाऱ्या आणि त्या वायूचे पृथक्करण करणाऱ्या पद्धतीही आहेत. त्यांतून कोणत्या प्लास्टिकचे एकूण वस्तुमान किती, हे चांगले कळते. मात्र किती कण होते, त्यांचा आकार काय होता आणि त्यात तंतू किती होते, ही माहिती त्या पद्धतींत कायमची जळून जाते. प्रकाशीय पद्धतीत प्रत्येक कण जागेवर राहतो, त्याचे मोजमाप होते, त्याची रासायनिक ओळख पटते आणि शंका आल्यास तोच कण दुसऱ्यांदा तपासता येतो. पुन्हा तपासता येणे ही या क्षेत्रात फार मोलाची गोष्ट आहे, कारण चुकीला वाव इथे पावलोपावली आहे.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्लास्टिक ओळखता येत नाही का?

मोठे तुकडे बऱ्याच अंशी ओळखता येतात. पेशींची रचना न दिसणे, तंतूची जाडी सर्वत्र सारखी असणे, रंग एकसारखा आणि गडद असणे, या खुणांवरून अनुभवी निरीक्षक अंदाज बांधतो. ध्रुवित प्रकाश वापरला तर ताणून बनवलेले कृत्रिम तंतू दुहेरी अपवर्तनामुळे उजळ दिसतात आणि मदत होते. परंतु कापसाचा तंतूही त्याच प्रकाशात चमकतो, त्यामुळे ती खूण एकटी पुरत नाही.

कण एक मिलिमीटरच्या खाली गेला की डोळा झपाट्याने फसू लागतो. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या पृष्ठभागावरील नमुन्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक मिलिमीटरपेक्षा लहान असलेले आणि नजरेने सूक्ष्मप्लास्टिक ठरवलेले सुमारे २० टक्के कण प्रत्यक्षात दगडी कोळशाच्या राखेतले ॲल्युमिनियम सिलिकेटचे निघाले. ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. ते कण खरोखरच तसे दिसत होते. म्हणून नजरेने केलेली निवड ही पहिली चाळणी समजावी, निष्कर्ष समजू नये.

पाण्याचा किंवा मातीचा नमुना थेट यंत्राखाली का ठेवत नाहीत?

कारण नमुन्यात प्लास्टिक अगदी थोडे असते आणि वाळू, शेवाळ, लाकडाचा भुसा, कीटकांचे अवशेष यांचे प्रमाण प्रचंड असते. म्हणून आधी घनतेच्या आधारे वेगळे करणे आणि मग सेंद्रिय भाग विरघळवणे, अशी दोन कामे करावी लागतात. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता सुमारे १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. त्यात पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीन तरंगतात, परंतु सुमारे १.४ घनतेचे पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) आणि पीव्हीसी (नळांचे प्लास्टिक) वाळूबरोबर तळाशी जातात. ज्या अहवालात केवळ मिठाचे द्रावण वापरलेले आहे, त्यात पीईटी कमी सापडले तर ते पर्यावरणात कमी आहे असे मुळीच म्हणता येत नाही. झिंक क्लोराइड किंवा सोडियम आयोडाइडची जड द्रावणे ही उणीव भरून काढतात; पहिले विषारी आणि दुसरे महाग आहे, म्हणून ते टाळण्याचा मोह होतो.

सेंद्रिय भागासाठी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सर्वाधिक वापरले जाते, कित्येकदा लोहाच्या क्षाराची जोड देऊन. इथे संयम हवा. तीव्र आम्लाने नायलॉन खराब होते, तापवलेल्या तीव्र अल्कलीने पीईटी झिजते आणि तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले तर जे शोधायचे तेच हरवण्याची भीती असते.

शेवटी कण ज्या गाळणपटलावर गोळा करायचे तेही पद्धतीनुसार निवडावे लागते. काचतंतूंचे पटल अवरक्त प्रकाश आरपार जाऊ देत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पटल चालते, परंतु साधारण १२५० प्रति सेंटिमीटरच्या खालच्या तरंगसंख्यांना (तरंगसंख्या म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या प्रकाशलहरींची संख्या) ते अपारदर्शक असते आणि वर्णपटाचा तेवढा भाग गमवावा लागतो. सिलिकॉनच्या पटलावर हा अडसर बराच कमी होतो.

अवरक्त प्रकाशाला प्लास्टिक कसे कळते?

खरे तर प्रकाशाला ‘प्लास्टिक’ कळतच नाही, त्याला रासायनिक बंध कळतात. या पानावरचे एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात. रेणूमधले बंध ठरावीक वारंवारितेने कंप पावतात, आणि ज्या कंपनात विद्युतभाराची विभागणी बदलते ते कंपन त्याच वारंवारितेचा अवरक्त प्रकाश शोषून घेते. कोणती तरंगसंख्या किती शोषली गेली याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा अवरक्त वर्णपट.

पॉलिएथिलीनमध्ये कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या असल्यामुळे २९१५ आणि २८४८ प्रति सेंटिमीटरच्या आसपास दोन ठळक शिखरे दिसतात. त्याखेरीज १४६५ आणि ७२० जवळची शिखरे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिथिल गटामुळे १३७६ जवळ आणखी एक शिखर येते. पीईटीचा कार्बोनिल गट, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, १७१५ जवळ ठसठशीत उमटतो. नायलॉनमध्ये १६३५ आणि १५४० जवळ अमाइड बंधाची जोडी दिसते, पण लोकर, रेशीम आणि एकंदर सर्वच प्रथिनांत तसाच बंध असल्याने नायलॉनचा तंतू आणि प्राण्याचा केस यांची गल्लत होऊ शकते. व्हिस्कोसचा तंतू तर रासायनिकदृष्ट्या सेल्युलोजच असतो. तो कारखान्यात तयार झालेला असला तरी त्याची मोजणी प्लास्टिकमध्ये करायची की नाही, हे अहवालात आधीच सांगितलेले असावे.

अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे कण चिमट्याने उचलून एका स्फटिकावर दाबतात आणि काही सेकंदांत त्यांचा वर्णपट घेतात. त्याहून लहान कणांसाठी वर्णपटमापकाला सूक्ष्मदर्शक जोडलेला असतो. त्यात चौकडीच्या स्वरूपात मांडलेले डिटेक्टर वापरले, म्हणजे १२८ गुणिले १२८ असे, तर एकाच वेळी १६,३८४ बिंदूंचे वर्णपट मिळतात आणि अख्खे पटल तपासणे आवाक्यात येते.

रामन पद्धत यापेक्षा वेगळी कशी?

तिच्यात शोषलेला नव्हे, तर विखुरलेला प्रकाश पाहतात. कणावर एकाच रंगाचा लेझर टाकला की बहुतेक सगळा प्रकाश त्याच रंगाचा परत येतो, परंतु त्याचा अत्यल्प भाग, ढोबळमानाने एक कोटी फोटॉनांमागे एखादा, बंधांच्या कंपनाशी ऊर्जेची देवाणघेवाण करून किंचित बदललेल्या रंगाने बाहेर पडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये हा परिणाम दाखवला आणि १९३० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिस्टायरीनच्या बेंझिन कड्याचे १००१ प्रति सेंटिमीटरचे रामन शिखर इतके टोकदार आणि स्थिर असते, की यंत्राची पट्टी तपासण्यासाठीही ते वापरले जाते.

रामन पद्धतीचे दोन फायदे ठळक आहेत. मध्य-अवरक्त प्रकाशाची तरंगलांबीच २.५ ते २५ मायक्रोमीटर असल्यामुळे विवर्तनाच्या नियमाने (तरंगलांबीपेक्षा बारीक तपशील प्रकाशाला नीट वेगळा दाखवता येत नाही) सर्वसाधारण अवरक्त सूक्ष्मदर्शक १० ते २० मायक्रोमीटरच्या खाली विश्वासाने जात नाही. रामनमधला लेझर दृश्य प्रकाशाचा असल्याने तो एक मायक्रोमीटरपर्यंत पोहोचतो. दुसरे म्हणजे पाणी अवरक्त प्रकाश जोरात शोषते, पण त्याचे रामन विकिरण दुबळे असते, त्यामुळे ओल्या नमुन्याचा अडथळा कमी होतो.

तोटाही तितकाच मोठा आहे. संकेत क्षीण असल्यामुळे कणातील रंगद्रव्याची किंवा उरलेल्या सेंद्रिय पदार्थाची प्रतिदीप्ती, म्हणजे लेझर पडल्यावर त्या पदार्थाने स्वतः दिलेली चमक, त्याला सहज बुडवते. ५३२ नॅनोमीटरऐवजी ७८५ नॅनोमीटरचा लेझर घेतला तर प्रतिदीप्ती घटते, परंतु रामन विकिरणाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने संकेतही सुमारे पाचपट कमी होतो. निळ्या-हिरव्या प्लास्टिकमधले तांब्याचे थॅलोसायनीन रंगद्रव्य तर कधी कधी स्वतःचाच वर्णपट इतक्या जोराने देते, की खालचे प्लास्टिक कोणते हे कळतच नाही.

मग या दोहोंपैकी कोणती पद्धत निवडावी?

वीस मायक्रोमीटरच्या वरच्या कणांसाठी, आणि नमुने पुष्कळ असतील तर, अवरक्त; त्याच्या खालच्या कणांसाठी रामन. या ढोबळ नियमामागचे खरे कारण वेळ हे आहे. दहा मिलिमीटर बाजूच्या चौरसावर दर दहा मायक्रोमीटरला एक बिंदू घेतला तर दहा लाख बिंदू होतात. प्रत्येकाला एक सेकंद दिला तरी रामन यंत्र एका पटलावर साडेअकरा दिवसांहून अधिक काळ अखंड चालवावे लागेल. म्हणून रामनमध्ये सहसा आधी प्रतिमेवरून कण हेरतात आणि मग केवळ त्या कणांवर लेझर नेतात, किंवा पटलाचा काही भाग तपासून उरलेल्याचा अंदाज करतात. असा अंदाज करण्यात गैर काही नाही, परंतु किती टक्के क्षेत्र तपासले आणि ते कसे निवडले, हे लिहिले नाही तर पुढचा आकडा निराधार ठरतो. कण पटलावर समान पसरत नाहीत. ते कडेला आणि गुठळ्यांत साचतात.

अलीकडे क्वांटम कॅस्केड लेझरवर, म्हणजे तरंगसंख्या बदलता येणाऱ्या अवरक्त लेझरवर, चालणारी यंत्रेही आली आहेत. ती आधी एका तरंगसंख्येवर सर्व पटल वेगाने न्याहाळून कण शोधतात आणि नंतर प्रत्येक कणाचा वर्णपट घेतात. त्यांचा पल्ला साधारण १८०० ते ९७५ प्रति सेंटिमीटर इतकाच असल्याने कार्बन-हायड्रोजनची २९०० जवळची शिखरे त्यांना दिसत नाहीत, आणि पॉलिएथिलीनच्या बाबतीत ही उणीव जाणवते.

नाईल रेड रंगाने कण चमकवण्याची पद्धत स्वस्त आहे. ती पुरेशी आहे का?

प्राथमिक गणतीसाठी ती उपयुक्त आहे, ओळख पटवण्यासाठी नाही. नाईल रेड हा तेलकट पृष्ठभागाला चिकटणारा रंग आहे. निळ्या प्रकाशात धरून नारिंगी गाळणीतून पाहिले की रंग चढलेले कण उजळून दिसतात, आणि कॅमेऱ्याच्या छायाचित्रावरून संगणक ते मोजू शकतो. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीन चांगले चमकतात. पीव्हीसी, पीईटी आणि अनेक तंतू मंद राहतात. उलट, न विरघळलेली चरबी, शेवाळ आणि कीटकांची कवचे मात्र चमकतात. ॲसिटोनमध्ये कालवलेला रंग वापरला तर त्या द्रावकाने पॉलिस्टायरीनच मऊ पडून विरघळू शकते, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. रंगाने चमकलेल्या कणांपैकी काही कणांची वर्णपटाने खातरजमा केलेली असेल, तरच त्या गणतीला वजन येते.

काळे कण आणि टायरची झीज या पद्धतींना दिसते का?

बहुतेकदा दिसत नाही, आणि ही फार गंभीर उणीव आहे. टायरच्या रबरात काजळीचा मोठा वाटा असतो. काजळी अवरक्तापासून दृश्य प्रकाशापर्यंत सर्व काही शोषते, त्यामुळे अवरक्त वर्णपट सपाट येतो, तर रामनचा लेझर कण तापवून कधी कधी जाळूनच टाकतो. अशा कणांसाठी वस्तुमानावर आधारलेल्या औष्णिक पद्धतींकडेच वळावे लागते. रस्त्यालगतच्या पाण्याचा केवळ प्रकाशीय अहवाल वाचताना ‘रबर आढळले नाही’ याचा अर्थ ‘रबर पाहता आले नाही’ असा घ्यावा.

संगणक ‘७० टक्के जुळणी’ म्हणतो, तेव्हा ते कितपत मानावे?

संगणक कणाचा वर्णपट ओळखीच्या पदार्थांच्या वर्णपटांच्या संग्रहाशी ताडून पाहतो. त्यातून येणारा जुळणीचा आकडा म्हणजे कण प्लास्टिकचा असण्याची शक्यता नव्हे. तो केवळ दोन आलेख किती सारखे आहेत, याचे गणिती माप आहे. ७० टक्क्यांची सीमा अनेक प्रयोगशाळा पाळतात, ती सोयीची प्रथा आहे. निसर्गाचा नियम नाही.

अडचण अशी, की संग्रहातले वर्णपट बहुधा कोऱ्या प्लास्टिकचे असतात आणि पर्यावरणातला कण उन्हात, पाण्यात वर्षानुवर्षे राहिलेला असतो. अतिनील किरणांमुळे पॉलिएथिलीनसारख्या साखळीवरही १७१५ जवळ कार्बोनिलचे आणि ३३०० ते ३४०० च्या पट्ट्यात हायड्रॉक्सिलचे शिखर उगवते. वर जिवाणूंचा थर असेल तर प्रथिनांची शिखरेही मिसळतात. मूळ आलेख असा बदलला की खरे प्लास्टिक सीमेखाली जाऊन नाकारले जाते. म्हणून झिजलेल्या कणांचे वर्णपट असलेला संग्रह वापरणे आणि सीमेच्या आसपासचे वर्णपट माणसाने डोळ्यांनी तपासणे, ही दोन्ही कामे आवश्यक आहेत. ‘ओपन स्पेसी’सारख्या मुक्त साधनांमुळे आता कोणालाही आपला वर्णपट उघड संग्रहाशी ताडून पाहता येतो आणि दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष तपासता येतो, हे या क्षेत्राचे मोठे भाग्य आहे.

प्रयोगशाळेतूनच नमुन्यात प्लास्टिक मिसळत नसेल कशावरून?

ते मिसळतेच. कपड्यांचे तंतू हवेत असतात, बाटल्यांची झाकणे झिजतात, पाणीही निर्मळ नसते. यासाठी सुती अंगरखा घालणे, काचेची व धातूची भांडी वापरणे, द्रावणे आधी गाळून घेणे आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरा नमुना (ज्यात तपासायचे पाणी किंवा माती नसते) अगदी तशाच सर्व टप्प्यांतून नेणे, हा शिरस्ता आहे. कोऱ्या नमुन्यात जितके कण सापडतात, त्यांच्या तुलनेत खऱ्या नमुन्यातला आकडा किती वर आहे, हेच महत्त्वाचे.

हातमोज्यांची गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. एकदा वापरून टाकायच्या हातमोज्यांवर, साच्यातून सहज सुटावेत म्हणून, स्टिअरेटचा (साबणासारख्या मेदाम्लाच्या क्षाराचा) लेप असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले, की हे अवशेष नमुन्यात उतरतात आणि वर्णपटात पॉलिएथिलीन म्हणून मोजले जातात. कारण उघड आहे : स्टिअरेटच्या रेणूतही कार्बन-हायड्रोजनची लांब साखळी असते आणि प्रकाशाला फक्त बंध कळतात. अवरक्त वर्णपटात १५४० ते १५८० च्या आसपास स्टिअरेटचे वेगळे शिखर असते, ते मुद्दाम शोधले तर चूक टळते; न शोधल्यास जुळणीचा आकडा चांगलाच येतो आणि कोणालाही संशय येत नाही. स्वच्छतेसाठी घेतलेली काळजीच दूषित करून जाते, याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

नॅनोप्लास्टिक प्रकाशाने पाहता येते का?

येऊ लागले आहे. एका नव्या पद्धतीत अवरक्त लेझरच्या स्पंदांनी कण क्षणभर तापवतात आणि त्याचे प्रसरण दृश्य लेझरने टिपतात. त्यामुळे अवरक्त वर्णपट सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंत मिळतो. दुसरी पद्धत उद्दीपित रामन विकिरणाची आहे. तिच्यात दोन लेझर असे जुळवतात, की त्यांच्या वारंवारितांमधला फरक नेमका एखाद्या बंधाच्या कंपनाइतका व्हावा. त्यामुळे एरवी क्षीण असणारा संकेत कित्येक पटींनी वाढतो. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये या पद्धतीने बाटलीबंद पाणी तपासले, तेव्हा लिटरमागे सरासरी सुमारे २,४०,००० कण आढळले आणि त्यांतले ९० टक्के नॅनोप्लास्टिकच्या आकाराचे होते. आधीच्या अहवालांपेक्षा हा आकडा प्रचंड दिसतो, तो पाणी अचानक बिघडले म्हणून नव्हे, तर पूर्वी न दिसणारे आता दिसू लागले म्हणून. त्या मोजणीत सात प्रकारची प्लास्टिकेच शोधलेली होती, हेही आकड्याबरोबर वाचावे.

कणांच्या संख्येवरून वस्तुमान काढता येते का?

काढतात, पण जपून. दहा मायक्रोमीटर व्यासाचे दहा लाख गोलाकार कण मिळून एक मिलिमीटर व्यासाच्या एका कणाएवढे वस्तुमान होते. पॉलिएथिलीनसाठी ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम भरते. प्रतिमेत कणाची लांबी-रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. पापुद्रा गोल धरला तर वस्तुमान अनेक पटींनी फुगते, आणि एकच मोठा तुकडा नमुन्यात आला किंवा सुटला तर सगळे गणित बदलते.

दोन अहवालांतील आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत?

बहुतेक वेळा ते एकाच गोष्टीचे आकडे नसतातच. साधारण ३०० मायक्रोमीटर छिद्रांच्या जाळ्याने घेतलेला नमुना आणि २० मायक्रोमीटरच्या पटलावर गाळलेला नमुना यांची तुलना करणे व्यर्थ आहे, कारण आकार जसजसा घटतो तसतशी कणांची संख्या सहसा वाढत जाते. शिवाय बारीक तंतू जाळ्यातून उभे निसटतात. यावर उपाय म्हणून प्रमाणीकरण सुरू झाले आहे. पर्यावरणातील सूक्ष्मप्लास्टिकच्या पृथक्करणाची तत्त्वे सांगणारे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संस्थेचे आयएसओ २४१८७ हे मानक २०२३ मध्ये आले. युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यासाठी २०२४ मध्ये ठरवलेल्या पद्धतीत किमान १००० लिटर पाणी गाळून २० मायक्रोमीटर ते ५ मिलिमीटर आकाराचे कण अवरक्त किंवा रामन सूक्ष्मदर्शकाने तपासायचे आहेत.

उपग्रहावरून सूक्ष्मप्लास्टिक दिसते का?

एकेक कण दिसत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या सर्वांत बारीक प्रतिमेतही एक पिक्सेल दहा मीटरचा असतो. त्यात तरंगत्या कचऱ्याचे मोठे पट्टे जवळ-अवरक्त परावर्तनामुळे उठून दिसू शकतात, पण फेस, लाकूड आणि शेवाळही जवळपास तसेच दिसते, म्हणून नावेतून जाऊन खात्री करावी लागते.

शाळेत किंवा हौशी गटाला काय करता येईल?

एक ते पाच मिलिमीटरचे कण साध्या सूक्ष्मदर्शकाने वेगळे करता येतात आणि त्यांची नोंद उपयोगाची ठरते; मात्र चाळणीची छिद्रे किती होती, पाणी किती लिटर होते, कोऱ्या नमुन्यात काय मिळाले आणि कोणी मोजले, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. मोजलेले कण फेकू नयेत. स्वच्छ काचेच्या कुपीत, तारीख आणि ठिकाण घालून, झाकून ठेवावेत, म्हणजे वर्णपटमापक उपलब्ध होईल तेव्हा निदान त्यातल्या काहींची ओळख पटवता येईल.